भात झाकून ठेवा

पाकनामफो
८ जानेवारी, बुद्धसंवत २५६१

विलाई,

आधीच सांगते, कुणी मेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला तेच वाटलं असणार, म्हणून पहिल्या ओळीतच हे. थोंगयू काका ठणठणीत आहेत. ऐकू कमी येतं एवढंच, आणि तेही त्यांना ऐकायचं नसेल तेव्हाच. माझा गुडघा सोडला तर मीही बरी आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतेस. पत्राला गिऱ्हाईक आडवं येत नाही.

कामाचं सांगते. बँकॉकहून माणसं आली होती. जुने सिनेमे शोधून, धुऊनपुसून जपून ठेवणारी कुठलीशी संस्था आहे, तिथली. त्यांच्यातली नरिसा नावाची मुलगी फार गोड बोलते आणि फार प्रश्न विचारते. त्यांना ‘सहा वल्ह्यांची होडी’ हवी होती. देशभर धुंडाळून त्यांना तुकडे तुकडे मिळालेत, पण शेवटचं रीळ कुणाकडेच नाही. ते फक्त आपल्याकडे आहे, आपल्या बाकीच्या झिजलेल्या रिळांबरोबर. म्हणजे थोंगयू काकांच्या पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीत. बाबांबरोबर जन्मभर सिनेमाचं मशीन चालवलेल्या काकांनी ती पेटी बायकोपेक्षा जास्त जपली, असं काकूच म्हणायच्या.

काकांनी आधी आढेवेढे घेतले, मग खेळ असेल तेव्हा परत आणून द्यायच्या बोलीवर दिली. परवा नरिसा ते रीळ साफ करून कॉम्प्युटरवर दाखवायला घेऊन आली. जन्मभर जो सिनेमा पाहिला, तो मी परवा पहिल्यांदा पाहिला असं वाटलं, विलाई. त्यातल्या आईचं नेसूचं हिरवं आहे! मी आजवर तपकिरी समजत होते. पाच पोरांच्या कमरेला पाच रंगांची फडकी आहेत आणि ढोल वाजवणाऱ्या बापाचा एक दात सोन्याचा आहे. बाबांना हे दाखवायला हवं होतं. त्या दातावर त्यांनी एक तरी विनोद केलाच असता.

पण आवाज नाही. मीच नरिसाला समजावून सांगितलं की, अगं, तेव्हा आवाज नसायचाच. सिनेमा मुका यायचा, आणि प्रत्येक गावचे बोलणारे पडद्याशेजारी माईक घेऊन बसायचे आणि सगळी पात्रं बोलायचे. पिचितला ही होडी एक बोलायची, लोपबुरीला दुसरं, आमच्याकडे तिसरं. ती म्हणाली, “मावशी, म्हणजे एकच सिनेमा शंभर प्रकारचा होता?” म्हटलं, “हो, आणि त्यातला आमचा चांगला होता.”

आता त्यांना त्यावर आवाज चढवायचाय, एकदाच आणि कायमचा. पुरुषांसाठी लोपबुरीचे साखोन म्हणून एक म्हातारे बोलणारे सापडलेत. बायका मी. पोरं राहिली. पाचही पोरं आपल्याकडे कोण बोलायचं हे मी तुला सांगायला नको.

तू ये. फेब्रुवारीच्या शेवटी आहे. साठीला टेकलेल्या बाईनं पोरांचे आवाज काढायचे म्हणून लाजू नकोस, मी पासष्टीत सोळा वर्षांची शेजारीण बोलणार आहे. आणि आडपडदा न ठेवता लिहिते. काम हे निमित्त आहे. मला तू घरी यायला हवी आहेस. बाबांना अग्नी दिला तेव्हा आलीस, विहारातच झोपलीस, घराचा उंबरा ओलांडला नाहीस. तुझ्या चटईला मी अजून ऊन दाखवून ठेवते.

बाकी नवीन काही नाही. रात्री एक ताटली भात झाकून ठेवते, मांजरासाठी. ते आता चालतं कमी, लोळतं जास्त.

तुझी ताई
प्रानोम

•

पाकनामफो
२३ जानेवारी

विलाई,

केक पोचला. त्रांगचा तो मधे भोक असलेला केक मला आवडतो हे तुझ्या लक्षात आहे, म्हणजे मी अगदीच पुसली गेलेले नाही. चिठ्ठी शोधली. खोक्याच्या तळाशी शोधली, कागदाच्या घडीत शोधली, शेवटी केकच्या भोकातही डोकावून पाहिलं. सोबत आपल्या इथली मोची मिठाई पाठवतेय. त्यात मी चिठ्ठी घातलीय. असं करतात, बघून ठेव.

मागच्या आठवड्यात आपल्या गावच्या राखणदार आजोबांच्या देवळात खेळ होता. नूडलवाल्या उराईची मुलगी नर्सच्या परीक्षेत पास झाली, म्हणून आजोबांना सिनेमा दाखवून फेडायचा नवस. उराईची मुलगी नव्या वळणाची, ती म्हणाली, “आई, तोच तो होडीचा सिनेमा काय लावतेस? आजोबांनासुद्धा कंटाळा आला असेल. भुताचा नवा लावू.” उराईनं कौल लावला. लाकडाच्या दोन्ही फोडी पालथ्या पडल्या. मुलीनं विनोदी सिनेमाचं नाव सुचवलं, पुन्हा पालथ्या. मग उराईनं दात-ओठ खात आपल्या होडीचं नाव घेतलं, तर एक उलटी, एक सुलटी. आजोबा राजी. मुलगी म्हणाली, “म्हातारा हट्टी आहे.” उराईनं तिला तिथेच चापट मारली आणि आजोबांपुढे एक जास्तीची उदबत्ती लावली.

आजोबांना हाच का आवडतो, असं नरिसानं थोंगयू काकांना विचारलं होतं. काका म्हणाले, “देवळात बघ. आजोबांची मूर्ती आहे, घोड्याची आहे, दोन कोंबड्यांची आहे. आजीची कुठाय? त्यांची पण कुणीतरी येईन म्हणून गेली असणार.” नरिसानं हे खरं समजून लिहून घेतलं.

पहिली रांग आजोबांसाठी रिकामी. मागे चटया, सॉसेजवाला, कुत्री. हल्ली लोक कमी येतात असं मी दर वेळी म्हणते आणि दर वेळी चटया कमी पडतात. ज्यांनी लहानपणी पाहिला ते पोरांना घेऊन येतात, पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि पहिलं गाणं लागलं की एकेक मान वर येते. त्या होडीच्या गाण्यात काय आहे मला खरंच माहीत नाही. चाल अशी की कुणालाही म्हणता येते, आणि पाच पोरं वल्ही मारताना मुद्दाम चुकतात, बापावर पाणी उडतं. एवढंच. पण लोक हसतात ते नुसतं सिनेमाला नव्हे, मागच्या वेळी हसले होते त्यालाही हसतात. घरातल्या जुन्या गोष्टीला हसावं तसं.

आणि शेवट. बाबा शेवटच्या रिळाआधी दिवे लावून जंताच्या गोळ्या विकायचे, आठवतं? “गोळ्या घ्या मंडळी, गोळ्या संपल्याशिवाय आई बोलणार नाही!” आणि तू स्टुलावर चढून सगळ्यांसमोर साखरेची गोळी गिळायचीस आणि शहारल्याचं सोंग करायचीस. आता गोळ्या नाहीत, पण काका सवयीनं तिथे थांबतात आणि लोकही सवयीनं खिसे चाचपतात.

मग पडद्यावर नदीचा धक्का दिसतो. पोरांची आई शहरातल्या थेटरात गायला निघून गेलेली, पोरं तिला शोधत नदीनं आलेली, ती धक्क्यावर उभी आणि होडी सुटतेय. धाकटी होडीच्या शेपटाशी, आपल्याकडे पाठ करून. ती हाक मारते. आई बोलते. होडी लांब जाते, संपलं. आई पुढे आली की नाही ते सिनेमात दाखवलेलंच नाही.

तू गेल्यापासून तिथे दोन्हीकडून मीच बोलते. “आई, भात झाकू का?” ही हाक मीच मारते आणि “झाकून ठेवा, मी मागच्या होडीनं येते” हे उत्तरही मीच देते. लोकही माझ्याबरोबर म्हणतात. उराई म्हणते, सॉसेजवाला म्हणतो, बंदोबस्ताला आलेला पोलीससुद्धा ओठ हलवतो. एवढे लोक बोलत असतात, तरी त्या जागी मला फार एकटं वाटतं, विलाई. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

नरिसा खेळाला आली होती. नंतर म्हणाली, “मावशी, मूळ वाक्य काय होतं?” म्हटलं, “मूळ म्हणजे कुणाचं?” ती म्हणाली, पिचितकडच्या एका जुन्या माणसानं तिला सांगितलं, तिकडे आई म्हणायची, ‘जा पोरांनो, माझी वाट पाहू नका.’ ओठांशी दोन्ही जुळतं. आणि एकदा चढवलं की तेच कायमचं राहणार. मी म्हटलं, “बहिणीला विचारून सांगते.”

तर विचारतेय.

ताई

•

पाकनामफो
४ फेब्रुवारी

विलाई,

तुझं पत्र म्हणायचं की फलक? “दुकान सोडून येता येणार नाही. पोरांसाठी एखादं पोर बघा. शेवटाला पिचितचं वाक्य घाला, तेच खरं आहे.” खाली सही. माझ्या गुडघ्याची चौकशीसुद्धा नाही.

दुकानाचं मला सांगू नकोस. तुझा नवरा भाजलेलं डुक्कर तुझ्याइतकंच चांगलं कापतो, सून चहा गाळते, तू गल्ल्यावर बसून सगळ्यांवर ओरडतेस. चार दिवस कुणी ओरडलं नाही तर त्रांगमध्ये न्याहारी बंद पडणार नाही.

राहता राहिलं पिचित. बरं झालं तू नाव काढलंस, नाहीतर मी याही वेळी मूग गिळून बसले असते. तू एकोणीसची असताना पिचितला जत्रेला म्हणून गेलीस आणि तिथे आपलाच सिनेमा दुसऱ्या बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकून आलीस. आल्यावर बाबांकडे न बघता पिशवी भरलीस. बाबा दारात उभे होते. तू एवढंच म्हणालीस, “तिथली आई खरं बोलते.” आणि गेलीस ती दक्षिणेची गाडी धरून.

तेव्हापासून तू मनात धरून आहेस की ते वाक्य बाबांनी रचलं. बायको पळाली, ती लाज झाकायला, आणि तुला रोज रात्री खोटी आशा दाखवायला. बाबांनी तुझा हा समज कधी खोडला नाही. तू अग्नीला आलीस आणि त्यांच्या फोटोसमोर नमस्काराला वाकलीसुद्धा नाहीस, तेव्हा मी बोलणार होते. थोंगयू काकांनी माझा हात दाबला.

आता मी ऐकणार नाही. बाबा गेले, आई गेली, काकांना ऐकू येत नाही.

ते वाक्य बाबांचं नाही. आईचं आहे.

माईकवर तेव्हा आई असायची. बायका आणि पोरं सगळं तीच बोलायची आणि सगळा पाकनामफो तिच्या आवाजावर जीव टाकायचा. होडी नवीन आली तेव्हा आपल्याकडेही शेवट पिचितसारखाच होता, ‘वाट पाहू नका.’ मग एका खेळाला, गोळ्या विकून झाल्यावर, आई माईकसमोर बसली आणि ठरलेलं वाक्य न बोलता एकदम म्हणाली, “भात झाकून ठेवा, मी मागच्या होडीनं येते.” टाळ्या पडल्या. सिनेमाला टाळ्या पडलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या. बाबांना वाटलं, वा, काय सुचलं हिला! दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात जाते म्हणून गेली. पुढे तिचा आवाज आपल्याला ऐकू आला तो बँकॉकच्या रेडिओवरच्या श्रुतिकेत, आणि बाबांनी रेडिओ विकून टाकला.

मी बाबांना कितीदा म्हटलं, विलाईला सांगून टाका. ते म्हणायचे, “धाकटीला माझ्यावर रागावू दे. माझी पाठ रुंद आहे. आईवर रागावली तर पोर जाईल कुठे?” आणि जेवण झालं की एक ताटली भात जाळीच्या झाकणाखाली झाकून ठेवायचे. सकाळी तो कोंबड्यांना घालायचे.

असा होता तुझा खोटारडा बाप. आता सांग, कुठलं वाक्य घालू?

ताई

•

पाकनामफो
१५ फेब्रुवारी

विलाई,

तुझं पत्र आलं. एवढं लांब तू जन्मात मला लिहिलं नव्हतंस. दुपारी आलं, तेव्हापासून मी कोंबडी कापायची सोडून ओट्यावर बसून आहे.

तू लिहितेस की हे तुला ठाऊक होतं. त्या दिवशी तू माईकच्या टेबलाखाली होतीस. बरोबर, तू तिथेच झोपायचीस. आईचा पाय तुझ्या पाठीला टेकलेला होता, आणि ते वाक्य बोलताना तिचा पाय थरथरत होता. तू लिहितेस, “मी सहा वर्षांची होते ताई, पण पाय खोटं बोलत नव्हता. मला तिथेच कळलं की ही जाणार.”

आणि एवढी वर्षं मी इकडे बाबांचं गुपित उराशी धरून बसले, जणू तुझ्यावर उपकारच करतेय! हसू येतंय आणि येतही नाहीये.

पुढचं मी इथे उतरून काढते, कारण तुझ्या अक्षरात ते पुन्हा वाचवत नाही.

“बाबांवर मी कधी रागावले नव्हते. ते एकदा तरी समोर येऊन काही बोलतील म्हणून त्यांच्याशी बोलत नव्हते. मी घर सोडलं ते तुझ्यामुळे. आठ वर्षांची झाले तेव्हा मला माईकवर बसवलं. रोज रात्री मी ‘आई’ म्हणून हाक मारायची आणि बाजूला बसलेली तू तिच्या आवाजात ओ द्यायचीस. तिच्यासारख्या आवाजात नाही, तिच्याच. श्वास तिथेच घ्यायचीस. ‘येते’ म्हणताना आवाज तसाच खाली सोडायचीस. लोक टाळ्या वाजवायचे, आणि घरी जाताना तू माझा हात धरून नेहमीच्या आवाजात म्हणायचीस, चल लवकर, डास चावतायत. पिचितला मी गेले ते एकदा तरी हा सिनेमा नुसता सिनेमा म्हणून बघावा म्हणून. तिथली बाई चिरक्या आवाजाची होती. ‘वाट पाहू नका’ म्हणाली. मी पोटभर रडले आणि मला फार बरं वाटलं. मग मला कळलं की तुझ्या शेजारी बसून मला हे कधीच जमणार नाही.”

विलाई, मला वाटायचं मी तुला आई देतेय.

खरंच सांगते. तेरा-चौदाची होते मी. आई गेल्यावर बाबांनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, बाई बदलली हे लोकांना कळता कामा नये, नाहीतर उद्यापासून खेळ बंद. मला बाईचा दुसरा आवाज येतच नव्हता. घरात एकच बाई होती, तिचाच कानात होता. तो मी असा घोटला की बाबा एकदा पडद्यामागून धावत आले. मला बघून थांबले आणि परत गेले. मला वाटलं, जमलं! आणि तू हाक मारायचीस तेव्हा तुझा आवाज मधेच तुटायचा, ते मला तुझ्या कामाचा भाग वाटायचं. मी मनात म्हणायचे, किती छान करते आमची उंदरी.

तुला इतकं दुखत होतं आणि तुझं कोपर माझ्या कोपराला लागलेलं असायचं. मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

तू शेवटी लिहितेस, “वाक्य कुठलंही ठेव. पण तू तुझ्या आवाजात बोलणार असशील तर मी येते.”

आता खरी पंचाईत सांगू? मी हे वाचलं आणि उठून वाक्य म्हणून पाहिलं. आईचा आवाज आला. पुन्हा म्हटलं, तर सोळा वर्षांच्या शेजारणीचा. मग सासूचा, मग खलनायिकेचा. माझा कुठला हेच सापडेना! थोंगयू काकांना हाक मारून म्हटलं, “काका, हे ऐका, हा कुणाचा वाटतो?” काका म्हणाले, “जेवायला काय आहे?” आज त्यांना ऐकायचं नव्हतं.

तरी ये. सापडेल तोवर. नाही सापडला तर निदान दोघी मिळून शोधू.

तुझी
प्रानोम

•

२१ फेब्रुवारी

विलाई,

घाईत. तिकीट काढलंस हे वाचून मी रस्त्यावर जाऊन उराईला सांगून आले. तिचा काही संबंध नाही, पण कुणाला तरी सांगायचं होतं.

बँकॉकला गाडी बदलताना सामान पुन्हा पुन्हा मोजत बसू नकोस, तुझं आधी तसंच व्हायचं आणि गाडी सुटायची. आपलं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून रिक्षावाले वाट्टेल ते सांगतात. उतरलीस की बाकावर बस, मी येते. केक आणू नकोस. आणलास तर एकच आण.

विहारात झोपायचं म्हणालीस तर मी भिक्खूंना सांगून ठेवलंय की जागा नाही म्हणा.

ताई

•

पाकनामफो
१४ मार्च

विलाई,

तू गेल्यावर घर फार मोकळं मोकळं वाटलं, म्हणून लगेच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर रडगाणं झालं असतं. आता बरी आहे.

नरिसाचा फोन येऊन गेला. काम पुरं झालं म्हणाली. तिच्या साहेबांना आपलं बोलणं फार आवडलं, एक जागा मात्र त्यांना कळली नाही. कुठली ते तुला माहीत आहे.

मी पुन्हा पुन्हा ते आठवते. आवाज भरायची, कापसाच्या भिंतींची ती खोली, कानाला लावलेली ती गरम झाकणं, साखोनभाऊंचं सारखं लिंबूपाणी मागणं. तू पाच पोरं अशी बोललीस की ते म्हातारे म्हणाले, “ताई, तुम्ही पोटात अख्खी शाळा ठेवलीय.” आणि माझं शेवटच्या जागी गाडं अडलेलं. नरिसा काचेमागून म्हणतेय, छान आहे मावशी, आणखी एकदा घेऊ या का? आणि दर वेळी आईचाच आवाज. तू नुसती नाही म्हणून मान हलवायचीस.

मग तू म्हणालीस, “ताई, सिनेमा सोड. मी नदीवर खेळतेय, डास चावतायत, आणि तू मला घरी बोलावतेयस. तशी ओरड.”

आणि ते निघालं. जाडंभरडं, जरा नाकात, माझ्या गुडघ्यासारखं कुरकुरणारं. “झाकून ठेवा गं, मी मागच्या होडीनं येते.” त्यात ‘गं’ कुठून आला देव जाणे. आईनं तो कधी लावला नव्हता. काचेमागे नरिसानं अंगठा वर केला आणि मला वाटलं, झालं.

पण धाकटीची अजून पाठच होती पडद्यावर, तोंड दिसत नव्हतं, आणि होडी लांब जात होती. आणि तू माईक सोडला नव्हतास. तू त्या सहा वर्षांच्या आवाजात, अगदी शांतपणे म्हणालीस,

“ये तू सावकाश. आम्ही जेवून घेतो.”

नरिसानं घाबरून विचारलं, “मावशी, हे कुठल्या गावचं वाक्य आहे? हे कुठेच नाही.” मी म्हटलं, “आमच्या घरचं आहे. राहू दे.” तिनं ठेवलं. साखोनभाऊ उठून लिंबूपाणी आणायला म्हणून जे गेले ते बऱ्याच वेळानं डोळे पुसत आले, आणि लिंबूपाणी आणायचं विसरले होते.

तू ज्या रात्री घरी झोपलीस, त्या रात्री मी जागी राहून तुझं घोरणं ऐकलं. पूर्वी घोरायची नाहीस. आणि बाबांच्या फोटोपुढे सकाळी उदबत्ती दिसली, ती मी लावलेली नव्हती.

काल आजोबांच्या देवळात आवाज चढवलेली नवी प्रत पहिल्यांदा लावली. मला माईक नव्हता. चटईवर बसून मी सिनेमा बघितला, शेंगदाणे खाल्ले. थोंगयू काका शेवटच्या रिळाआधी थांबलेच, लोकांनी खिसे चाचपलेच. धक्का आला. तुझी हाक आली. सगळे तयारच होते, माझ्याबरोबर म्हणाले, झाकून ठेवा, मी मागच्या होडीनं येते. कुणी टाळ्यांसाठी हातही उचलले.

मग तुझं वाक्य आलं.

कुणी टाळी वाजवली नाही. होडी जाईपर्यंत मैदानात फक्त सॉसेजवाल्याच्या कोळशाचा आवाज होता. मला वाटलं, बिघडवलं आम्ही यांचं, एवढ्या वर्षांचं. तेवढ्यात उराई मागे वळून मुलीला म्हणाली, “बघितलंस? मी म्हणत होते ना, धाकटी शहाणी आहे.” जणू ते वाक्य पहिल्यापासून तिथेच होतं! आणि पाठीमागे एक पोर ते पुटपुटून बघत होतं. पुढच्या नवसापर्यंत सगळ्यांना पाठ होईल.

काकांनी आजोबांना कौल लावला, आवडलं का म्हणून. एक उलटी, एक सुलटी.

घरी आले, भात लावला, तुझ्या नवऱ्यानं तुझ्याबरोबर दिलेलं, बर्फात ठेवलेलं भाजलेलं डुक्कर गरम केलं. झाला तसा भात वाढून घेतला आणि जेवले. पोटभर जेवले. जाळीचं झाकण खुंटीवरच राहिलं.

मांजर रागावलंय. सवय होईल त्याला.

तुझी ताई
प्रानोम